कृष्णपुऱ्याच्या कृष्णाबाई : होळकरांची गादी राखणारी मातोश्री

इंदूरच्या राजवाड्यापासून थोडे चालत गेले की खान नदीच्या काठी कृष्णपुरा लागतो. नदीचे पाणी आता शहराने पुरते बिघडवून टाकले आहे. पण काठावरच्या दगडी छत्र्या मात्र आपला डौल राखून आहेत. नक्षीदार खांब, कमानी, मराठी मंदिरशैलीतील शिखरे आणि आत दिवंगतांच्या मूर्ती. होळकर घराण्यातील तीन व्यक्तींच्या स्मरणार्थ या छत्र्या उभारल्या गेल्या : कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव. शिवाजीराव हे तुकोजीरावांचे पुत्र. तुकोजीराव मात्र कृष्णाबाईंचे पुत्रही नव्हेत आणि नातूही नव्हेत. रक्ताने पाहिले तर या दोघांत जवळचे असे कोणतेच नाते नाही. तरीही या बाईंवाचून तुकोजीराव इंदूरच्या गादीवर बसले नसते.

अहिल्याबाई होळकरांचे चरित्र मराठी घराघरांत ठाऊक आहे. कृष्णाबाईंचे नाव इंदूरबाहेर क्वचितच कुणी घेते. ग्रंथांत त्या कधी केसरबाई, कधी कृष्णाबाई, तर कधी नुसत्या माँसाहेब म्हणून येतात आणि एकाच स्त्रीची ही तीन नावे आहेत हे वाचणाऱ्याच्या चटकन ध्यानात येत नाही.

त्यांचे महत्त्व समजण्यासाठी गादी आणि नाते यांचा संबंध आधी पाहावा लागेल, आणि गोव्याच्या वाचकाला तो आपल्याच इतिहासातून सहज पटेल. १५८० मध्ये गोवा लिस्बनच्या राजाकडून स्पेनच्या राजाच्या छत्राखाली गेला तो गोव्यात कुठे लढाई झाली म्हणून नव्हे. दुसरा फिलिप हा पोर्तुगालच्या मानुएल राजाच्या मुलीचा मुलगा होता. आईकडून आलेल्या या नात्यावर त्याने पोर्तुगालच्या मुकुटावर हक्क सांगितला आणि सैन्य पाठवून तो वसूल केला. इबेरियात ही रीत मध्ययुगापासूनची. कास्तिल, लेओन, आरागॉन आणि पोर्तुगाल ही राजघराणी लेकी देऊन-घेऊन एकमेकांत इतकी गुंतली होती, की मुलगी सासरी जाताना राज्यावरचा हक्कही सोबत नेई. लेओनच्या सहाव्या अल्फोन्सोनंतर ११०९ मध्ये त्याची मुलगी उर्राका स्वतः गादीवर बसली. तिची सावत्र बहीण तेरेझा ही अनौरस. तरी तिने पतीच्या मृत्यूनंतर पोर्तुगालचा मुलूख सांभाळला आणि अखेर ११२८ मध्ये स्वतःच्याच मुलाकडून, पोर्तुगालचा पहिला राजा झालेल्या अफोन्सो हेन्रीकेशकडून, रणांगणावर हार पत्करली.

होळकरांकडे लेकीला हा हक्क नव्हता. अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई फणशांच्या घरी गेली, ती गादीच्या हिशेबातून कायमची वजा झाली. यशवंतराव होळकरांची मुलगी भीमाबाई महिदपूरच्या लढाईत घोड्यावर बसून इंग्रजांशी लढली. तिच्या शौर्याच्या कथा माळव्यात आजही सांगितल्या जातात, पण तिला गादीवर बसवावे असे कुणाच्या मनातही आले नाही. मुलगा नसला तर एकच वाट उरे : भाऊबंदांतला एखादा मुलगा दत्तक घेणे. आणि दत्तक घेण्याचा हा अधिकार पुष्कळदा विधवेच्या हाती असे. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्र आणि पश्चिम किनाऱ्यावर, नीलकंठाच्या व्यवहारमयूखाला मान होता. त्यानुसार पतीने जिवंतपणी स्पष्ट अनुज्ञा दिली नसली तरी विधवेला दत्तक घेता येई. राजघराण्यात स्त्रीच्या हाती पडणारे हे सर्वांत मोठे शस्त्र होते. कृष्णाबाईंचे आयुष्य या एका शस्त्राभोवती फिरले.

होळकरांचा मूळ पुरुष मल्हारराव. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा हे मल्हारराव तेथे होते. त्यांचा एकुलता एक मुलगा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडला, नातू मालेराव १७६७ मध्ये वारला, आणि मूळ पुरुषाचा थेट वंश तिथेच संपला. अहिल्याबाईंनी तुकोजी होळकरांना सेनापती नेमून राज्य पुढे चालवले. तुकोजींना काशीराव आणि मल्हारराव हे दोन औरस पुत्र होते. विठोजी आणि यशवंतराव हे दोघे अनौरस. तुकोजींच्या मृत्यूनंतर १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हाररावांना मारले. १८०१ मध्ये विठोजींना पुण्यातच हत्तीच्या पायी देण्यात आले. यशवंतरावांनी याचा सूड १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या मैदानावर उगवला. बाजीराव पळाला आणि त्याच वसईत जाऊन त्याने इंग्रजांशी तह केला. जी वसई घ्यायला एक होळकर गेला, तिथे दुसऱ्या होळकराच्या भीतीने पेशवाईच्या स्वातंत्र्यावर पाणी पडले.

कृष्णाबाई या यशवंतरावांच्या आयुष्यात आल्या. त्या लग्नाच्या राणी नव्हत्या, हलक्या जातीच्या होत्या, असे मालकमसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले. या लेखकांना जातीची आणि लग्नाची चौकशी करण्याची भारी हौस होती, आणि त्या चौकशीमागे राजकारणही होते : ज्या घराण्याचा वारसा संशयास्पद, त्याच्यावर हुकूम चालवणे सोपे. यशवंतराव स्वतः अनौरस. त्यांनी तलवारीच्या बळावर गादी घेतली होती. पोर्तुगालचा पहिला जुआंव असाच अनौरस होता, आणि १३८५ मध्ये कोइंब्राच्या सभेने त्यालाच राजा केले. गरजेच्या वेळी औरस-अनौरस हा भेद दोन्हीकडे बाजूला सरला.

१८०६ मध्ये कृष्णाबाईंना मुलगा झाला. त्याचे नाव मल्हारराव ठेवले. यशवंतराव त्या काळी इंग्रजांशी राजघाटचा तह करून पंजाबातून परतले होते आणि भानपुऱ्यात तोफा ओतवण्याच्या कामात रात्रंदिवस गढले होते. पुढे दोनेक वर्षांत त्यांना वेडाचे झटके येऊ लागले. दरबाराची सूत्रे तुळसाबाईंच्या हाती गेली. त्याही यशवंतरावांच्या सहवासातील, लग्नाच्या नव्हेत. रूपवान, बुद्धिमान आणि धाडसी. त्यांना मूल नव्हते. म्हणून त्यांनी कृष्णाबाईंच्या मुलालाच दत्तक घेतले. १८११ च्या ऑक्टोबरात भानपुऱ्यास यशवंतरावांचा अंत झाला आणि पाच वर्षांचा मल्हारराव गादीवर बसला, तो तुळसाबाईंचा मुलगा म्हणून. जन्मदात्री आई त्याच लष्करात, त्याच छावणीत, पण कारभारात तिला जागा नाही. कृष्णाबाईंच्या आयुष्यातील हा काळ फार कठीण असला पाहिजे. त्यांनी तो मुकाट्याने काढला.

पुढची सहा वर्षे होळकरांचे राज्य म्हणजे फिरते लष्कर होते. पगार थकलेले, पठाण सरदार शिरजोर, कारभाऱ्यांत वैर. १८१७ च्या डिसेंबरात मालकम आणि हिस्लॉप यांच्या फौजा माळव्यात उतरल्या. अमीरखानाने महिन्यापूर्वीच इंग्रजांशी स्वतंत्र करार करून टोंकची जहागीर पक्की केली होती. तुळसाबाई इंग्रजांशी बोलणी लावतात असा संशय घेऊन लष्करातील लोकांनी २० डिसेंबरला त्यांना धरले, शिप्रेच्या काठी नेले आणि ठार मारले. दुसऱ्या दिवशी महिदपूरला लढाई झाली. अकरा वर्षांचा मल्हारराव हत्तीवर होता; पळणाऱ्या शिपायांना तो रडत परत बोलावीत होता असे सांगतात. होळकरांच्या तोफांनी इंग्रजांची मोठी हानी केली, पण दिवस इंग्रजांचा ठरला.

इतिहासकारांनी तुळसाबाईंना दुष्ट आणि कृष्णाबाईंना सोज्वळ ठरवून टाकले आहे. ही वाटणी मला फारशी पटत नाही. दोघींचे घराण्यातील स्थान एकच होते. पगार न मिळालेल्या पलटणींच्या गराड्यात तुळसाबाईंनी सहा वर्षे गादी टिकवली, हे काही थोडके नाही. कृष्णाबाईंच्या वाट्याला कारभार आला तो लष्कर मोडल्यावर, बंडखोर सरदार जहागिऱ्या घेऊन वेगळे झाल्यावर. त्यांच्या सौम्यपणाला परिस्थितीची साथ होती.

६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. वाटाघाट तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे, यांनी केली. राजपूत संस्थानांवरचे सारे हक्क गेले, सातपुड्याचा आणि त्याखालचा मुलूख गेला, गफूरखानास जावरा तोडून द्यावे लागले, दरबारात इंग्रज रेसिडेंट आला. मात्र या तहातील एक कलम कृष्णाबाईंच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने मोलाचे होते. महाराजांची मुले, नातलग, आश्रित आणि प्रजा यांच्याशी कंपनी सरकारचा काही संबंध नाही, त्यांच्या बाबतीत महाराज मुखत्यार आहेत, असे त्यात मान्य केले होते. घरातला वारस कोण, हा प्रश्न तहाच्या शब्दांप्रमाणे घरचा होता. पुढे कंपनीने हे शब्द सोयीने विसरायचे ठरवले.

तुळसाबाई गेल्यामुळे मल्हाररावाची पालक म्हणून आता जन्मदात्री आईच पुढे आली. १८१८ च्या अखेरीस राजधानी इंदुरास आली. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी जाळलेल्या या गावात सात मजली राजवाडा उभा राहू लागला, बाजार भरला, वसूल येऊ लागला. हे श्रेय मुख्यतः तात्या जोगांचे. १८२६ मध्ये ते वारले आणि घडी विसकटली. मल्हारराव प्रौढ झाला होता, पण त्याचे लक्ष कारभारात नव्हते. त्याला आवर घालणे आईला जमले नाही. पाच वर्षांच्या वयापासून दुसरीच्या मांडीवर बसवलेल्या मुलाला नाही म्हणणे तिला जड गेले असेल. या वर्षांत कृष्णाबाईंच्या नावे उरले ते राजवाड्याजवळचे गोपाळ मंदिर. १८३२ मध्ये त्यांनी ते बांधविले.

पुढच्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १८३३ रोजी, मल्हारराव वारला. वय अवघे २७. पोटी मूल नाही.

सासू आणि सून, कृष्णाबाई आणि गौतमाबाई, या दोघी आता विधवा. दोघींनी मिळून शास्त्राप्रमाणे वाट काढली : गौतमाबाईंनी भाऊबंदांतील मार्तंडराव हा लहानगा मुलगा दत्तक घेतला आणि १८३४ च्या जानेवारीत त्याला गादीवर बसवले. पण महेश्वरच्या किल्ल्यात हरीराव होळकर कैदेत होते. ते विठोजींचे पुत्र, म्हणजे मृत मल्हाररावाचे चुलतभाऊ. त्यांच्या पक्षाच्या लोकांनी त्यांना सोडवले, सरदार त्यांच्याकडे वळले, आणि कंपनीने ज्याच्यामागे लोक त्याला मान्यता या धोरणाने एप्रिलमध्ये हरीरावांना गादीवर बसू दिले. मार्तंडरावाला नेमणूक देऊन दक्षिणेत पाठवण्यात आले. दत्तकाचे शस्त्र पहिल्याच खेपेला निकामी झाले. त्यामागे बळ नव्हते.

हरीराव आजारी आणि संशयी. दहा वर्षांचा त्यांचा कारभार रेवाजी फणशांच्या हाती बिघडत गेला. त्यांनाही मूल नव्हते. रेसिडेंटच्या आग्रहावरून त्यांनी लांबच्या भाऊबंदांतील खंडेरावास दत्तक घेतले आणि १८४३ च्या ऑक्टोबरात डोळे मिटले. खंडेराव गादीवर बसला खरा, पण १७ फेब्रुवारी १८४४ रोजी, जेमतेम तीन-चार महिन्यांत, तोही वारला. वय पंधराच्या आसपास, लग्न झालेले नाही.

आता खरी कसोटी होती. विधवेचा दत्तक शास्त्राला मान्य. पण येथे विधवाच नव्हती. मृत राजाला पत्नी नाही, आई या नात्याने हक्क सांगणारी कुणी नाही, औरस वारस नाही. दत्तक घ्यायचा कुणी? कंपनीच्या दृष्टीने होळकरांचा वंश संपला होता आणि पुढचा राजा नेमणे ही आता सरकारची मेहेरबानी होती. तीही केली नाही तर राज्य खालसा. आंग्र्यांचे कुलाबा असेच दत्तक नाकारून नुकतेच घेतले होते. आणि शेजारच्या ग्वाल्हेरीत काय घडले ते कृष्णाबाईंच्या डोळ्यांसमोर होते. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले, त्यांच्या कोवळ्या वयाच्या विधवेने, ताराबाईंनी, जयाजीरावांना दत्तक घेतले. दरबारात रीजंट कोण यावरून तट पडले. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो फौज घेऊन आला आणि २९ डिसेंबरला महाराजपूर व पनिहार या दोन लढायांत शिंद्यांची फौज बुडाली. खंडेराव होळकर वारला तो यानंतर दोन महिन्यांच्या आत.

या परिस्थितीत कृष्णाबाई यशवंतरावांच्या विधवा आणि घराण्यातील वडीलधाऱ्या म्हणून उभ्या राहिल्या. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने त्यांचा हक्क लंगडा होता. वयाचा आणि लोकांच्या मनातील मानाचा हक्क मात्र त्यांच्याइतका कुणाचाच नव्हता. त्यांनी आधी दक्षिणेत पाठवलेल्या मार्तंडरावाचे नाव पुढे केले. एकदा गादीवर बसलेला, विधिपूर्वक दत्तक घेतलेला तो मुलगा. न्यायाने त्याचाच हक्क पहिला. कंपनीने तो नाकारला. येथे ताणून धरले असते तर इंदूरचेही ग्वाल्हेर झाले असते. कृष्णाबाईंनी मार्तंडरावाचा हट्ट सोडला आणि भाऊ होळकरांच्या धाकट्या मुलाचे नाव सुचवले. वय नऊ वर्षे. रेसिडेंट रॉबर्ट हॅमिल्टन याला हे नाव पसंत पडले. २७ जून १८४४ रोजी तुकोजीराव या नावाने त्या मुलाला गादीवर बसवण्यात आले.

या समारंभाचा एक धागा मुद्दाम उलगडण्यासारखा आहे. हॅमिल्टनने कलकत्त्याहून शेवटचा हुकूम येण्याची वाट पाहिली नाही. त्यामुळे दरबारात, लोकांत आणि कागदावर सारे काही वारसाहक्काने चालत आल्यासारखे झाले : वडीलधारी बाई मुलगा निवडते, सरदार मुजरा करतात, रेसिडेंट हजर असतो. सरकारला नेमके हेच नको होते. हा राजा आम्ही नेमला, घराण्याच्या हक्काने तो आलेला नाही, हे त्यांना ठसवायचे होते. हॅमिल्टनला कडक शब्दांत समज मिळाली आणि राज्य तुकोजीरावांना व त्यांच्या औरस संततीला दिले आहे असे मागाहून कळवण्यात आले. म्हणजे पुढच्या पिढीत पुन्हा दत्तकाची वेळ आली तर सरकारचा हात मोकळा. पण जे व्हायचे ते होऊन गेले होते.

कास्तिलच्या मारिया दे मोलिना या राणीची येथे आठवण होते. तिचा चौथ्या सांचोशी झालेला विवाह जवळच्या नात्यामुळे पोपने मान्य केला नव्हता. १२९५ मध्ये पती वारल्यावर नऊ वर्षांच्या मुलाचा हक्क तिने भाऊबंदांपासून राखला, आणि तो मुलगाही अकाली गेल्यावर तान्ह्या नातवासाठी पुन्हा तेच केले. दोन पिढ्यांच्या पालकत्वातच १३२१ मध्ये तिचे आयुष्य संपले. फरक एवढाच, की मारिया स्वतःच्या रक्तासाठी लढत होती. कृष्णाबाईंचे स्वतःचे रक्त १८३३ मध्येच संपले होते. अकरा वर्षांनी त्या परक्या मुलाचे बोट धरून दरबारात आल्या.

१८४४ ते १८४९ ही पाच वर्षे त्यांच्या खऱ्या कर्तृत्वाची. कारभारी मंडळात राजाभाऊ फणसे, पुढे रामराव नारायण पळशीकर असे दिवाण होते. सर्वांच्या वर माँसाहेब. मुलाला मुनशी उमेदसिंग यांच्या हाताखाली शिक्षणास घातले. मल्हाररावाच्या बाबतीत राहून गेलेली शिस्त येथे आली. बोलका आणि हिशेबी असा हा मुलगा लवकरच रेसिडेंटच्या आणि दरबाऱ्यांच्या नजरेत भरला. तो पूर्ण कारभार हाती घेईपर्यंत कृष्णाबाई जगल्या नाहीत. १८४९ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. आदल्या वर्षी साताऱ्याचे छत्रपती वारले होते आणि तेथील दत्तक नाकारून ते राज्य खालसा झाले होते.

८ मार्च १८५२ रोजी तुकोजीरावांना मुखत्यारी मिळाली. त्यानंतर दोन वर्षांत नागपूर आणि झाशी गेली. इंदूर राहिले, कारण तेथे गादी रिकामी नव्हती. १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि ज्या हक्कासाठी कृष्णाबाई झगडल्या तो कागदावर आला. तुकोजीरावांना त्याची गरज पडली नाही, त्यांना मुलगे होते. त्यांनी कापसाची गिरणी काढली, इंदूर-खंडवा रेल्वेसाठी सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, आणि १८८६ मध्ये ते वारले. लेकीला गादी नाही ही रीत मात्र फार पुढे मोडली : १९६१ च्या डिसेंबरात, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच महिन्यात, अखेरचे महाराज यशवंतराव होळकर मुंबईत निवर्तले, आणि भारत सरकारने त्यांची वारस म्हणून मुलीला मान्यता दिली.

तुकोजीरावांची छत्री खान नदीच्या काठी, कृष्णाबाईंच्या छत्रीशेजारीच बांधली गेली. भोवतालच्या वस्तीला नाव पडले ते कृष्णाबाईंचे.